मार्गारेट बर्क-व्हाइट : पोलादापासून चरख्यापर्यंत

चरख्यामागे बसलेल्या गांधीजींचे ते छायाचित्र पाहिले नाही असा वाचक विरळाच. मागच्या खिडकीतून येणारा प्रखर उजेड, अगदी पुढे, गांधीजींपेक्षाही मोठा भासणारा चरखा आणि त्याच्या पलीकडे जमिनीवर बसून वर्तमानपत्रांची कात्रणे वाचण्यात गढलेले गांधीजी. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार स्त्रीने ते १९४६ साली पुण्यात टिपले. त्यासाठी तिला आधी सूत कातायला शिकावे लागले. ज्याला चरखा कळत नाही त्याने चरख्याचे चित्र घेऊ नये, असा तिथल्या मंडळींचा आग्रह होता. शिवाय तो गांधीजींच्या मौनाचा दिवस होता आणि फ्लॅशबल्ब वापरण्याची परवानगी होती फक्त तीन. पहिल्या बल्बच्या वेळी दिवा आणि शटर यांचा मेळ बसला नाही. दुसऱ्या वेळी निगेटिव्हवरचे झाकण ओढायचेच ती विसरली. तिसरा बल्ब कामी आला.

निर्जीव वस्तूंवर मनासारखा प्रकाश टाकून जिने नाव मिळवले, तिला इथे तीन दिव्यांत भागवावे लागले. तिच्या कारकिर्दीचा निम्मा इतिहास या एका प्रसंगात सामावला आहे.

मार्गारेटचा जन्म १४ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील छपाईयंत्रांचे अभियंते आणि संशोधक होते. त्यांच्याबरोबर कारखान्यात गेलेल्या लहानग्या मुलीला वितळलेल्या धातूच्या ठिणग्यांनी जी भुरळ घातली ती कायमची. कॉलेजात मात्र तिला सापांचा अभ्यास करायचा होता. १९२२ साली वडील वारले, घरची आर्थिक स्थिती ढासळली. त्याच सुमारास ती क्लॅरेन्स व्हाइट यांच्या छायाचित्रणाच्या वर्गाला जाऊ लागली. आईने वीस डॉलरला घेऊन दिलेल्या जुन्या कॅमेऱ्याची काच तडकलेली होती. पहिला विवाह दोन वर्षांत मोडला. कॉर्नेल विद्यापीठात शिकताना तिथल्या इमारतींची छायाचित्रे विकून तिने खर्च भागवला आणि १९२७ साली पदवी घेऊन ती क्लीव्हलंड या पोलादाच्या शहरात आली.

ओटिस स्टील कंपनीच्या कारखान्यात शिरण्याची परवानगी तिने मोठ्या मिनतवारीने मिळवली. पण खरी अडचण आत गेल्यावर कळली. डोळ्यांना दिपवणारा रसरशीत पोलादाचा लालभडक उजेड त्या काळच्या फिल्मला जवळपास दिसतच नसे. निगेटिव्ह धुतल्यावर उरे तो निव्वळ अंधार. हिवाळ्यातल्या कित्येक रात्री अशा वाया गेल्या. धगीने कॅमेऱ्याच्या रोगणाला फोड आले, चेहरा भाजून निघाला. अखेर चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी बनवलेल्या मॅग्नेशियमच्या मशाली उपयोगी पडल्या. त्यांच्या पांढऱ्या झोताने तांबडा उजेड उजळला आणि धुराचे लोट, झारे, साखळ्या सारे फिल्मवर उमटले. प्रिंट तरीही फिकट येत. त्यासाठी वेगळा कागद शोधावा लागला. कारखान्याच्या अध्यक्षांनी ही छायाचित्रे शंभर-शंभर डॉलरना विकत घेतली.

ती पाहून हेन्री ल्यूस यांनी तिला न्यूयॉर्कला बोलावले. फेब्रुवारी १९३० मध्ये निघालेल्या 'फॉर्च्युन' मासिकाच्या पहिल्याच अंकात शिकागोच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्याची तिची छायाचित्रे आली. तिथे पशुखाद्यासाठी दळलेल्या अवशेषांच्या पिवळ्या ढिगाऱ्यापाशी सोबतचे लोक दुर्गंधीने पळाले. ती मात्र काम संपेपर्यंत थांबली आणि निघताना कॅमेऱ्याचे कापड, दिव्यांच्या तारा जाळून टाकण्यासाठी तिथेच ठेवून आली. त्याच वर्षी नांगराच्या कारखान्यात तिने फाळांची रांग टिपली. एकामागून एक तेच वळण, तीच धार. कुठलाही शेतकरी रोज हाताळतो ती वस्तू एखाद्या दागिन्यासारखी दिसावी, हे वस्तूच्या छायाचित्रणातले तिचे मोठे यश. क्रायसलर बिल्डिंगच्या ६१व्या मजल्यावर तिचा स्टुडिओ थाटला गेला. मोटारी आणि टायर यांच्या जाहिरातींचा ओघ सुरू झाला.

या वैभवाला तडा गेला तो १९३४ साली. अमेरिकेच्या मध्यभागातल्या धुळीच्या वादळांचे आणि दुष्काळाचे चित्रण करायला 'फॉर्च्युन'ने तिला पाठवले. करपलेली शेते, धुळीने गुदमरून मेलेली गुरे आणि हतबल शेतकरी तिने पाहिले. तोवर तिच्या चित्रांत माणूस असे तो बहुधा यंत्राचा आकार किती प्रचंड आहे हे दाखवण्यापुरता. परतल्यावर जाहिरातींत तिचे मन रमेना आणि पुढे तिने त्या सोडल्याच.

मात्र वस्तूंवर हुकूम चालवायची सवय माणसांसमोर सुटली असे म्हणता येणार नाही. लेखक अर्स्किन कॉल्डवेल यांच्याबरोबर तिने दक्षिणेतल्या गरीब शेतमजुरांचे चित्रण केले. कॉल्डवेल बोलत बसत आणि ती कॅमेरा लावून, हातातल्या दूरच्या कळीवर बोट ठेवून हव्या त्या मुद्रेची वाट पाही. १९३७ च्या त्या पुस्तकात चित्रांखाली माणसांच्या तोंडी घातलेली वाक्ये या दोघांनी स्वतः रचलेली होती. तसे पुस्तकात नमूद होते, तरी जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांना ही पद्धत मुळीच रुचली नाही. त्यांचा राग अनाठायी नव्हता. कॉल्डवेल यांच्याशी तिने १९३९ साली विवाह केला, तोही तीन वर्षांत संपला.

'लाइफ' साप्ताहिकाच्या नोव्हेंबर १९३६ च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ तिचेच होते, फोर्ट पेक धरणाचे. पुढे १९४१ साली बॉम्बवर्षावातले मॉस्को आणि दगडी चेहऱ्याचा स्टालिन, १९४३ साली बॉम्बफेकी विमानातून उड्डाण, १९४५ साली बुखेनवाल्डची छळछावणी. स्टालिनच्या भेटीत तिच्याजवळचे फ्लॅशबल्ब जमिनीवर घरंगळले, ती ते गोळा करायला वाकली आणि त्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आले. तिने ते साधले.

फाळणीच्या वेळी ती हिंदुस्थानात होती. निर्वासितांचे तांडे, गिधाडे, रस्त्याकडेची प्रेते तिने टिपली. फाळणीचे दृश्य म्हणून जे आज डोळ्यांपुढे येते त्यात तिचा वाटा मोठा आहे. पण सोबतच्या बातमीदार स्त्रीने पुढे सांगितले की, चौकट मनासारखी जमेपर्यंत थकलेल्या, घाबरलेल्या निर्वासितांना तिने पुन्हा पुन्हा मागेपुढे चालायला लावले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही तास आधी, ती गांधीजींना भेटली होती. बातमी कळताच ती बिर्ला भवनाकडे धावली, लपवून नेलेल्या कॅमेऱ्याने पार्थिवाजवळ फ्लॅश उडवला आणि शोकाकुल मंडळींनी संतापून तिला बाहेर काढले. फिल्मही हातची गेली. पुण्यात तीन बल्बांची अट पाळणाऱ्या मार्गारेटला दिल्लीत मर्यादा सांभाळता आली नाही.

दक्षिण आफ्रिकेत मात्र वस्तू, व्यक्ती आणि स्थळ या तिन्ही वाटा एकत्र आल्या. सोन्याच्या खाणीत दोन मैल खाली, जीव घाबरा करणाऱ्या उकाड्यात तिने घामाने निथळणारे दोन कृष्णवर्णीय कामगार टिपले. दप्तरात त्यांची ओळख नावाने नव्हे, क्रमांकाने होती. सोने या चित्रात कुठेच नाही. १९५० सालचे हे चित्र तिला स्वतःला फार प्रिय होते.

त्यानंतर थोड्याच वर्षांत डाव्या हातापायातली ताकद ओसरू लागली. निदान निघाले पार्किन्सनचे. १९५९ साली मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, त्या काळातली तिची छायाचित्रे सहकारी आल्फ्रेड आयझेनश्टेट यांनी घेतली आणि 'लाइफ'मध्ये छापून आली. बोटांत जोर यावा म्हणून ती वर्तमानपत्राच्या कागदांचे गोळे चुरगाळत बसे. १९६३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २७ ऑगस्ट १९७१ रोजी वयाच्या ६७व्या वर्षी तिचे निधन झाले.