मुरबाडचे नाना आणि मुंबईच्या शाळा

मुरबाडचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नानांचे नाव घेतोच, आणि मग गोष्ट १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीपाशी येऊन थांबते. ती लाइन पुढे आपल्या वाशिंद-आसनगाववरून कसाऱ्याला गेली, म्हणून आपल्याला तिचे कौतुक जरा जास्तच. पण शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत नानांविषयी लिहायचे तर रेल्वे थोडी बाजूला ठेवावी. नानांनी चाळीस वर्षे शाळांचे काम केले आणि ते फार कमी सांगितले जाते.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला झाला. घराणे दैवज्ञ, मूळ आडनाव मुरकुटे. आई भवानीबाई नाना लहान असतानाच वारल्या. वडील शंकरशेट हे मुंबईतले मोठे व्यापारी. नानांचे शिक्षण घरीच, शिक्षक ठेवून झाले. म्हणजे ज्या माणसाने पुढे इतक्या शाळा उभ्या करायला हातभार लावला, तो स्वतः आपल्यासारखा वर्गात बसून शिकलेला नव्हता. १८२२ मध्ये वडील गेले आणि एकोणिसाव्या वर्षी सगळा कारभार त्यांच्या अंगावर पडला.

नेमके त्याच सुमारास मुंबईत एक नवे काम सुरू झाले होते. पेशवाई जाऊन चारच वर्षे झाली होती. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने 'हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी' स्थापन झाली. या मंडळीचा खर्च थोडा सरकारी मदतीवर आणि थोडा शहरातल्या लोकांच्या वर्गणीवर चाले. शाळा काढायच्या, शिक्षक तयार करायचे आणि मुलांच्या हातात मराठी-गुजराती पुस्तके द्यायची, हे तिचे काम. कॅप्टन जर्विस चिटणीस होते आणि सदाशिव काशिनाथ छत्रे त्यांच्या जोडीला. छत्र्यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही त्याच काळातली. तरुण नाना या मंडळीत आले आणि पुढे तिचे एक आधारस्तंभ झाले.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हा त्यांची आठवण म्हणून मुंबईकरांनी वर्गणी काढली. हिंदू, पारशी, मुसलमान अशा सर्वांकडून दोन लाखांच्या वर रुपये जमले. त्यातून पुतळा उभारून मोकळे न होता विलायतेहून प्राध्यापक आणायचे ठरले. ऑर्लेबार आणि हार्कनेस हे ते पहिले प्राध्यापक. त्यांच्याबरोबर आपले बाळशास्त्री जांभेकर शिकवू लागले. एल्फिन्स्टन कॉलेजचे मूळ ते हेच. एका शहराच्या लोकांनी गोळा केलेल्या पैशांतून एवढी मोठी संस्था उभी राहिली, आणि ती उभी करणाऱ्यांत मुरबाडचा एक माणूस पुढे होता.

वर्गणी देणाऱ्याचे काम पैसे देऊन संपते, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. नानांना तसे वाटत नव्हते. १८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्यात तीन सभासद मंडळीने निवडून द्यायचे होते : नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश बोर्डाचे अध्यक्ष झाले आणि वाद पेटला. पेरींचे म्हणणे, पैसा थोडा आहे, तेव्हा तो इंग्रजी शिक्षणावर खर्च करावा. वरच्या वर्गातले थोडे लोक चांगले शिकले की ज्ञान खाली झिरपेल. नानांचे म्हणणे वेगळे होते. बहुसंख्य लोकांपर्यंत विद्या पोचवायची तर ती त्यांच्या भाषेतूनच गेली पाहिजे. इंग्रजी शिकवा, पण सर्वांचे शिक्षण तिच्यावर टांगून ठेवू नका. नाना इंग्रजीचे शत्रू नव्हते. एल्फिन्स्टन फंडासाठी झटलेला माणूस शत्रू कसा असेल? जर्विसही त्यांच्या बाजूचे होते. अध्यक्ष सरन्यायाधीशपदाला पोचलेला इंग्रज आणि समोर एक व्यापारी, तरी नाना मागे हटले नाहीत. वाद सरकारपर्यंत गेला. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्यात उच्च शिक्षणाला इंग्रजी आणि सामान्य जनतेला देशी भाषा, अशा दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली पाटी मराठी शाळेतच धरली, म्हणून हा वाद मला नानांच्या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

मुलींच्या शाळेची गोष्ट याच काळातली. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये शाळा काढली. पुढच्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजींसारखे तरुण बिनपगारी शिकवत. शिकवायला माणसे होती, जागेचे काय? नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. पैसे देणे वेगळे आणि लोक नावे ठेवत असताना स्वतःच्या घरात मुलींचा वर्ग भरवणे वेगळे. त्या शाळेला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा कायद्यातच नेमलेल्या पहिल्या फेलोंत नाना होते. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या तानशाचे पाणी मुंबईला पोचायला त्यानंतर सत्तावीस वर्षे लागली. म्हणजे आपल्या भागाने मुंबईला पाणी देण्याच्या कितीतरी आधी नाना दिले होते.

त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. जुन्या पिढीत 'शंकरशेट मिळाली' एवढे म्हटले तरी पुरे होई. १९१२ मध्ये ती मिळवणारा मुलगा कुलाबा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मला होता. तो चिंतामण द्वारकानाथ देशमुख, पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर.