फुटपाथवरून हाकललेला पहिला सायकलवाला

समजा, उद्या सकाळी उठलात आणि कळलं की शहरातलं पेट्रोल संपलंय. पंप बंद. पहिलं लेक्चर साडेसातचं आणि तुमची अटेंडन्स आधीच काठावर. काय कराल?

दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका माणसासमोर साधारण असाच प्रश्न होता. फरक इतकाच, की तेव्हाचं पेट्रोल म्हणजे घोड्याचा चारा होता. त्यानं यावर जे उत्तर काढलं, ते कदाचित आत्ता तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली धूळ खात पडलं असेल. त्याचं नाव कार्ल ड्राइस. सायकलीचा पणजोबा म्हणा हवं तर. पण त्यानं काय शोधलं यापेक्षा त्या शोधाचं पुढं काय केलं गेलं, हे जास्त इंटरेस्टिंग आहे. ते वाचून मला तरी आपल्याकडच्या रस्त्यांची आठवण आली.

ड्राइसचा जन्म १७८५चा, कार्ल्सरुहे शहरातला. तेव्हा एकसंध जर्मनी नव्हती, लहानमोठी संस्थानं होती. त्यातल्या बाडेन संस्थानात त्याचे वडील पुढं सर्वोच्च न्यायाधीश झाले. घर सरदारी, ओळखी वरपर्यंत. पोरगा हायडेलबर्ग विद्यापीठात गणित आणि आर्किटेक्चर शिकला, मग जंगल खात्यात अधिकारी म्हणून चिकटला. पण त्याचं लक्ष जंगलात कधीच नव्हतं. त्याला यंत्रं जुळवायची होती. वडिलांचं वजन म्हणा किंवा आणखी काही, त्याला कामातून मोकळीक मिळाली आणि पगार मात्र चालू राहिला. (अशी इंटर्नशिप कुणाला माहीत असेल तर प्लीज कळवा.)

१८१३ मध्ये त्यानं एक चारचाकी बनवली. घोडा नाही, आत बसलेल्या माणसानंच पायांनी चालवायची. युरोपात नेपोलियनची युद्धं चालू होती, घोडे सैन्याकडं जात होते आणि चारा महाग होता. गाडी जड होती, तिचं फारसं काही झालं नाही. पण घोड्यावाचून माणसानं कसं फिरायचं, हा प्रश्न काही त्याच्या डोक्यातून गेला नाही.

मग १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. इतकी राख आकाशात गेली, की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. १८१६ हे वर्ष तिथं ‘उन्हाळ्याविना वर्ष’ म्हणूनच ओळखलं जातं. पिकं बुडाली, माणसं उपाशी राहिली, ओट्सचे भाव कडाडले. माणसांनाच खायला नाही, तिथं घोड्यांना कोण घालणार? ड्राइसच्या दुचाकीमागं हाच दुष्काळ होता, असं काही इतिहासकार मानतात. सगळ्यांना ते पटत नाही. पण तारखा जुळतात हे खरं.

१२ जून १८१७. मॅनहाइम शहरातून ड्राइस एका लाकडी सांगाड्यावर बसून निघाला. दोन चाकं, एकामागं एक. पुढचं चाक वळवता येणारं. पेडल नाही, चेन नाही. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं आणि आळीपाळीनं जमीन मागं ढकलायची. लहान मुलांची बिनपेडलची बॅलन्स बाइक बघितली असेल ना, तेच, फक्त मोठ्या माणसाच्या मापाचं. वजन वीस-पंचवीस किलो. श्वेट्झिंगेनच्या रस्त्यावर सुमारे सात किलोमीटर अंतरावर घोडे बदलायचं एक ठाणं होतं. ड्राइस तिथवर गेला आणि परत आला. तासाभराच्या आत! म्हणजे ट्रॅफिकच्या वेळी आपली बस कोथरूडहून स्टेशनला पोचेपर्यंत हा लाकडावर बसून चौदा किलोमीटर फिरून घरी आलेला असणार.

यातली खरी करामत लाकडात नव्हती. एकामागं एक लावलेल्या दोन चाकांवर माणूस न पडता राहू शकतो आणि तोल जाईल तिकडं हँडल वळवलं की सावरतो, हे त्यानं करून दाखवलं. आज सहा वर्षांच्या पोराला जे येतं, ते तेव्हा लोकांना खरंच वाटेना.

पुढच्या जानेवारीत त्याला बाडेनच्या राजाकडून दहा वर्षांचा हक्क मिळाला, आजच्या भाषेत पेटंट. प्रोफेसर ही पदवी आणि पेन्शनही मिळाली. पण हा हक्क बाडेनपुरताच. बाहेर धडाधड नकला निघाल्या. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन नावाच्या बग्ग्या बनवणाऱ्यानं सुधारित मॉडेल काढलं आणि १८१९ मध्ये तिथल्या श्रीमंत पोरांना त्याचं वेड लागलं. शिकवणीचे क्लास निघाले, व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. आता घोडागाड्या कमी होणार, असं कुणालाही वाटलं असतं.

झालं उलटंच, आणि ते का झालं हे जरा नीट बघा.

तेव्हाचे रस्ते घोडागाड्यांच्या चाकांनी चिरलेले असायचे. खोल चाकोऱ्या, चिखल, खडी. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला तिथं चालवणं महाकठीण. पावसाळ्यात खोदलेल्या रस्त्यावरून सायकल नेऊन बघा, म्हणजे कळेल. मग ड्राइसच्या दुचाकीवाल्यांनी काय केलं? ते सपाट जागेवर चढले. फुटपाथवर. तिथं माणसं चालत होती. हे लोक त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगानं यायचे. चालणारे वैतागले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

सत्तेतल्या लोकांकडं तेव्हा दोन वाटा होत्या. रस्त्याची एक पट्टी सपाट करून द्यायची, किंवा दुचाकी बंद करायची. दुसरी वाट फुकट होती. जिथं पहिली सफर झाली, त्या मॅनहाइममध्येच वर्ष संपायच्या आत फुटपाथवर बंदी आली. मग इंग्लंडमध्ये, अमेरिकेत, आणि हे वाचून मी उडालेच, आपल्या कलकत्त्यातही! रस्त्यावर चालवता येत नाही, फुटपाथवर चालवू देत नाहीत. मग चालवायची कुठं? दोन-तीन वर्षांत ते वेड ओसरलं आणि पुढं कित्येक दशकं दुचाकीचं नाव कुणी काढलं नाही. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पेडल लावलेली सायकल आली आणि चालली, तोवर तिथले बरेच रस्ते गुळगुळीत झाले होते.

सायकल फ्लॉप गेली कारण तिला पेडल नव्हतं, असं आपण शाळेत ऐकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. यंत्र चालत होतं. त्याला जागा मिळाली नाही.

हे मला इतकं का लागलं, सांगते. एफवायला असताना मी जोशात सायकलनं कॉलेजला जायला लागले. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे बाबांकडून इतक्यांदा ऐकलं होतं की म्हटलं, बघू तरी. रस्त्याच्या कडेला रंगवलेला सायकल ट्रॅक होता. तो एका पार्क केलेल्या टेम्पोपाशी संपायचा, टेम्पो नसेल तेव्हा वडापावच्या गाडीपाशी. मग मी फुटपाथवर चढायचे. एकदा एका आजोबांनी छत्री आडवी धरून मला थांबवलं आणि चारचौघांत झापलं. त्यांचं बरोबर होतं. मी खाली उतरले तर मागून बसनं हॉर्न दिला. दोन महिन्यांत सायकल जिन्याखाली गेली आणि मी स्कूटी घेतली. म्हणजे त्या गर्दीत आणखी एक गाडी वाढली. माझी.

असो. ड्राइसकडं येऊ.

दुचाकीचं वेड सरत असतानाच त्याच्यावर वेगळंच संकट आलं, आणि ते आणणारे आपल्याच वयाचे होते. १८१९ मध्ये मॅनहाइममध्ये कार्ल झांड नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं कोत्सेबू या नाटककाराचा खून केला. राजकारण होतं त्यामागं, आणि विद्यार्थ्यांच्या नजरेत झांड हीरो ठरला. पुढच्या वर्षी त्याचा शिरच्छेद झाला. ड्राइसच्या वडिलांनी न्यायाधीश म्हणून दयेसाठी शब्द टाकला नाही. राग निघाला मुलावर. जाईल तिथं टोमणे, छळ. शेवटी १८२२ मध्ये तो ब्राझीलला गेला आणि पाच वर्षं एका जहागिरीवर जमीनमोजणी करत राहिला.

परत आला तरी हात गप्प बसले नाहीत. त्यानं लघुलेखनाचं यंत्र केलं, सरपण वाचवणारी चूलही केली. रेल्वे आल्यावर रुळांवर पायांनी चालवायची गाडी बनवली. युरोपात रुळांवरच्या अशा छोट्या गाडीला आजही त्याच्या नावावरून ‘ड्रेझिन’ म्हणतात. पैसा मात्र कशातूनच आला नाही. लोक त्याला चक्रम समजायला लागले होते.

१८४९ मध्ये बाडेनमध्ये क्रांती झाली, तेव्हा साठी ओलांडलेल्या या सरदारानं स्वतःची सरदारकी सोडली आणि नुसता नागरिक ड्राइस झाला. प्रशियाच्या फौजांनी क्रांती चिरडली. राजाच्या बाजूच्या लोकांनी त्याला वेडा ठरवून डांबायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही, पण क्रांतीचा खर्च वसूल करायचा म्हणून त्याची पेन्शन काढून घेतली. १० डिसेंबर १८५१ रोजी कार्ल्सरुहेत तो वारला. जवळ काहीच उरलं नव्हतं.

तो शेवटी जिथं राहत होता, तिथून दोन गल्ल्या पलीकडं तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा आईबरोबर राहत होता. त्याचं नाव कार्ल बेन्झ. मोठा झाल्यावर तो सायकल चालवायचा आणि ती चालवता चालवताच, घोड्याविना स्वतःहून धावणाऱ्या गाडीचा विचार करायचा. १८८६ मध्ये त्यानं पेट्रोलवरच्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं. ती तीनचाकी होती, ती धावली मॅनहाइममध्येच, आणि तिची तारांच्या स्पोक्सची चाकं सायकलीसारखीच होती.