कैदी क्रमांक ९६५३

युजीन डेब्ज यांचा जन्म १८५५ चा, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि रेल्वेची नोकरी लागली. १८९३ मध्ये त्यांनी सर्व रेल्वे कामगारांची एकच संघटना उभारली. काळ्या कामगारांनाही सभासद करा, हा त्यांचा आग्रह मात्र १८९४ च्या अधिवेशनाने ११२ विरुद्ध १०० मतांनी फेटाळला. कामगार एक म्हणायचे आणि पंगत वेगळी मांडायची! मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती आणि १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल लाल पुढाऱ्यांना केला होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

पुलमन संपात सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. पुढे डेब्ज समाजवादी झाले आणि पाच वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढले.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. त्याच सुमारास शिकागोच्या ब्रिग्ज नावाच्या जाहिरात व्यावसायिकाने न्याय खात्याच्या संमतीने 'अमेरिकन प्रोटेक्टिव्ह लीग' काढली. सुमारे अडीच लाख स्वयंसेवक! व्यापारी, कारखान्यांचे अधिकारी, बँकवाले. खिशात बिल्ला आला की शेजाऱ्याची देशभक्ती तपासायची मुभा मिळाली. कोण युद्धरोखे घेत नाही, कोण काय बोलतो, याचे अहवाल सरकारकडे जात. ना शपथपत्र, ना उलटतपासणी. ज्याच्याविरुद्ध अहवाल गेला त्याला त्याचा पत्ताही नसे. वकिली करणाऱ्या माणसाला यातला धोका वेगळा सांगावा लागत नाही.

१६ जून १९१८ रोजी ओहायोतील कँटन येथे डेब्ज युद्धाविरुद्ध बोलले. गर्दीत हे स्वयंसेवक तरुणांची लष्करभरतीची कार्डे तपासत फिरत होते आणि सरकारचा लघुलेखक भाषण टिपून घेत होता. दोन आठवड्यांत अटक झाली. खटल्यात डेब्ज यांनी एकही साक्षीदार उभा केला नाही, की भाषण नाकारले नाही. गुन्हा काय, तर भाषण. शिक्षा दहा वर्षे! मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. निकाल लिहिला तो न्यायमूर्ती होम्स यांनी. तोवर युद्ध संपून चार महिने झाले होते आणि लीगही फेब्रुवारीतच विसर्जित झाली होती. बिल्लेवाले आपापल्या दुकानांत परतले, डेब्ज तुरुंगात गेले.

अटलांटाच्या तुरुंगातूनच त्यांनी १९२० ची निवडणूक लढवली. नऊ लाखांवर मते पडली. १९२१ च्या नाताळात अध्यक्ष हार्डिंग यांनी शिक्षा कमी करून त्यांना सोडले. माफी दिली नाही, म्हणजे दोषसिद्धी तशीच राहिली. २० ऑक्टोबर १९२६ रोजी डेब्ज वारले, तेव्हाही कागदोपत्री ते गुन्हेगारच होते.