रक्ताभिसरणाचा शोधक : विल्यम हार्वे

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन यांनी लिहून ठेवले होते की, अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शिरांतून अवयवांकडे जाते आणि तेथेच खर्ची पडते. हृदयाच्या मधल्या पडद्यात अदृश्य छिद्रे असून त्यांतून काही रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही त्यांचे मत होते. ती छिद्रे कोणीही पाहिली नव्हती. तरी सुमारे चौदाशे वर्षे युरोपातील विद्यापीठे हेच शिकवीत राहिली. ग्रंथप्रामाण्य म्हणजे काय, हे आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको.

हा समज ज्यांनी मोडला त्या विल्यम हार्वे यांचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडमधील फोकस्टन येथे झाला. केंब्रिजनंतर ते इटलीतील पादुआ विद्यापीठात गेले व १६०२ मध्ये वैद्यकाचे पदवीधर झाले. तेथील त्यांचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांमधील झडपांचे वर्णन केले होते. गुरूंना झडपा दिसल्या. त्यांचा अर्थ मात्र शिष्याला लागला.

लंडनमध्ये गोरगरिबांच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्य म्हणून काम करीत असताना हार्वे यांनी साधा हिशोब मांडला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासातील हजारावर ठोक्यांत ते सबंध शरीरातील रक्तापेक्षा अधिक भरते. एवढे रक्त अन्नातून कसे निर्माण होणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. मग त्यांनी दंडाला पट्टी बांधून पाहिली. पट्टी करकचून आवळली की मनगटाची नाडी थांबे व हात थंड पडे. ती किंचित सैल केली की नाडी परते, पण पट्टीखालच्या शिरा फुगून येत. रक्त धमन्यांतून खोलवरून हाताकडे जाते आणि शिरांतून हृदयाकडे परतते, याचा हा पुरावा होता. वर्गात आम्ही मुलांना हाताच्या पाठीवरील शीर दाबून पाहावयास लावतो, ते याच कारणासाठी.

त्यांनी अनेक जिवंत प्राण्यांवरही प्रयोग केले. करुणेचा संस्कार लाभलेल्या आम्हांस तो भाग आजही जड वाटतो. तो लपवावा, असे मात्र वाटत नाही.

१६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे त्यांचा लहानसा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. लोकांनी त्यांना वेडगळ ठरविले आणि त्यांच्याकडे येणारे रुग्ण घटले, असे त्यांच्या परिचितांपैकी एकाने नोंदविले आहे. पॅरिसचे रिओलान विरोधात उभे राहिले. त्यांना हार्वे यांनी १६४९ मध्ये उत्तर दिले.

एक प्रसंग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. १६३४ मध्ये लँकेशायरमधील काही स्त्रियांवर चेटकिणी असल्याचा आरोप आला. राजवैद्य हार्वे यांच्या देखरेखीखाली शल्यवैद्य व सुइणींनी त्यांतील चौघींना तपासले. अनैसर्गिक असे काहीच आढळले नाही. आरोप करणाऱ्या मुलानेही पुढे आपण खोटे बोललो, हे कबूल केले.

धमन्यांतले रक्त शिरांत नेमके कोठून शिरते, हे मात्र हार्वे यांना दिसू शकले नाही. ३ जून १६५७ रोजी त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुप्फुस ठेवले आणि त्यांना त्या बारीक केशवाहिन्या दिसल्या.