सार्वजनिक काका आणि विलायती कापडावरील जकात

वरवंड-पाटसच्या व्यापाऱ्यांस सुप्याचा दंगा ऐकून ठाऊक असेलच. अमेरिकेंतील यादवी १८६५ त संपली, आमच्या कापसाचे भाव कोसळले, सावकारांनीं हात आंखडला, त्यांत सारा वाढलेला. अखेर १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील कुणबी सावकारांच्या खतांवर तुटून पडले.

परदेशचा बाजार घरांत कसा शिरतो हें त्या काळीं जाणणारांत गणेश वासुदेव जोशी हे प्रमुख होत. जन्म साताऱ्याचा, १८२८ चा, वकिली पुण्यास. १८७० त त्यांनीं सार्वजनिक सभा स्थापिली, आणि तीवरून लोक त्यांस सार्वजनिक काका म्हणूं लागले. १८७२ त त्यांनीं खादीचें व्रत घेतलें. १८७७ च्या दिल्ली दरबारासही ते त्याच जाड्याभरड्या पोशाखांत गेले. देशी माल महाग, ही गिऱ्हाइकाची तक्रार खोटी नव्हे. परंतु माग बंद पडलेला कोष्टी मजुरीस शेतावर येतो व तेथील मजुरी उतरवितो, हा हिशेब दुकानाच्या वहींत दिसत नाहीं.

व्रतानें जकात मात्र हलत नाहीं. १८७९ त लॉर्ड लिटननें स्वतःच्या कौन्सिलाचें बहुमत डावलून जाड्या विलायती कापडावरील जकात उठविली. लँकशायरच्या गिरणीवाल्यांस पार्लमेंटांत मत होतें, आमच्या विणकरास नव्हतें. त्याच वर्षीं काकांनीं वासुदेव बळवंत फडक्यांचें वकीलपत्र घेतलें. आम्हां वकिलांस हें धाडस दरबारच्या खादीहून मोठें वाटतें.

२५ जुलै १८८० रोजीं काका वारले. १८८२ त उरलेली जकातही गेली. १८९६ त तर देशी गिरण्यांच्याच कापडावर शेंकडा ३॥ कर बसला. तो १९२५ पर्यंत उठला नाहीं.