दुभाष्या संत : गोन्सालो गार्सिया

रोमन कॅथलिक चर्चने संतपद बहाल केलेली, भारतात जन्मलेली पहिली व्यक्ती म्हणजे वसईचे गोन्सालो गार्सिया. त्यांच्या चरित्राचा विचार बहुधा हौतात्म्याच्या अंगाने केला जातो. परंतु या हौतात्म्याची वाट त्यांच्या भाषाज्ञानातून गेली, हे लक्षात घेणे अगत्याचे ठरते.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी गोन्सालो यांचा तेथे जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक, असे परंपरेने मानले जाते. वसईतील जेझुइट धर्मगुरूंच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले व तारुण्यात पदार्पण करतानाच ते त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षे सेवा केली. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. संघाने मात्र तो दिला नाही. ज्याची वाणी हवी होती, त्याला संघाचा सदस्य म्हणून स्वीकारले गेले नाही. निराश गोन्सालो काही काळ व्यापारात रमले. पुढे मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघाची व्रते घेतली, तीही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधू म्हणून.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठविले. त्यांचे दुभाषे गोन्सालो होते. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढलेला होता. अशा दरबारात दुसऱ्याचे शब्द वाहून नेणे हे जोखमीचे काम होते. वकिलातीनंतर या फ्रान्सिस्कनांना क्योतोमध्ये राहता आले. त्यांनी तेथे चर्च व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरील माल जप्त झाला. मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेनचे सैनिक येतात, असे जहाजावरील एका अधिकाऱ्याने बोलून दाखविल्याचे सांगितले जाते. हिदेयोशीचा संशय बळावला आणि अटकसत्र सुरू झाले. पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला व भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन आणि तीन जपानी जेझुइट होते. उरलेले सतराजण सामान्य जपानी ख्रिस्ती होते.

१६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. आयुष्यभर इतरांचे बोलणे पोहोचविणाऱ्या गोन्सालो यांचे स्वतःचे म्हणणे त्यांच्या मृत्यूनेच मांडले. वसईच्या किल्ल्यातील जेझुइटांचे जुने चर्च आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्या संघाचे दार त्यांना उघडले नाही, त्याच संघाच्या वास्तूवर त्यांची नाममुद्रा उमटली आहे.