चितळकर आणि सी. रामचंद्र

जबलपूरचे कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. त्यांच्या आझाद हिंद फौजेच्या पार्श्वभूमीवरील ‘समाधी’ हा चित्रपट १९५० साली आला. पण आज तो स्मरतो तो लॅटिन अमेरिकी तालावर झुलणाऱ्या एका द्वंद्वगीतामुळे. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर (१९१८-१९८२).

विनायकबुवा पटवर्धनांकडे रागसंगीताचे शिक्षण, ‘नागानंद’ (१९३५) मध्ये नायकाची भूमिका, नंतर मिनर्व्हा संस्थेत हार्मोनियमची साथ, असा त्यांचा प्रारंभकाळ. संगीतकार झाल्यावर ‘शहनाई’ (१९४७) पासून त्यांनी पाश्चात्त्य ठेका सर्रास वापरला. ‘अलबेला’त (१९५१) तर हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या जॅझ वाद्यवृंदासह पडद्यावरच अवतरले. अशी गाणी ते स्वतः केवळ ‘चितळकर’ या नावाने गात. तो आवाज भारदस्त नव्हे. बोलता बोलता गाऊ लागावे, अशी त्याची सहज ढब.

त्यांच्यावर उसनवारीचा आक्षेप घेतला जातो आणि ‘समाधी’तील त्या गीतापुरता तो खराही आहे. मात्र चाल उसनी घेता येते, लयीचा डौल घेता येत नाही. तो अंगी असावा लागतो. ‘अनारकली’चे (१९५३) रागभारले संगीत याच हाताचे, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

२७ जानेवारी १९६३ रोजी लता मंगेशकरांनी दिल्लीत गायिलेल्या हुतात्मागीताने सी. रामचंद्रांचे नाव राष्ट्रस्मृतीत कोरले गेले. चितळकर मात्र कमानीबाहेरच राहिले.